अवसेची मोकळी गाडी

प्रवासाची गोष्ट म्हटल्यावर तुमी मांडी घालून बसला असाल. आता हा गडी डोंगर सांगंल, नदीवरचा पूल सांगंल, कुठल्या स्टेशनावर भजी चांगली मिळत्यात ते सांगंल, आणि मधनंच कुणाची तरी नक्कल करून हसवंल. सगळं सांगतो. डोंगर हायेत, पूल हाय, आणि खाणं तर एवढं हाय की शेवटी ते वाटून टाकावं लागलं. नकला पण हायेत. बारामतीच्या शाळेत सातवीपतोर जाऊन मी काय शिकलो असं कुणी इचारलं, तर हेडमास्तरांचा खोकला, एवढंच खरं उत्तर हाय. पण हसायचं का न्हाय, ते तुमचं तुमी बघा. आमी फिरायला गेलो नव्हतो. एक लेकरू आणायला गेलो होतो, आणि त्याच्या दुधाची सोय आगगाडीच्या वेळापत्रकावर बसवली होती.

माझी थोरली बहीण हौसाक्का. तिला दिलं होतं तिकडं सांगोल्याच्या पुढं, ढालगावच्या बाजूला, जितं पाणी थोडं आणि मेंढरं लई. ह्या वैशाखात ती बाळंतपणात गेली. पोरगी जगली. दिवसपाण्याला तात्या, म्हंजे आमचा बाप, जाऊन आला. घरी येऊन त्यानं पायसुद्धा धुतलं न्हाईत, ओट्यावर बसून म्हणाला, पोरगी शेजारणीच्या दुधावर हाय आणि शेजारणीचं दूध तिच्याच पोराला पुरंना. सासरची म्हणत्यात, घेऊन जावा.

आमच्या सांगवीत शेजारच्या रखमावैनीला महिन्याचं पोर होतं. वैनी म्हणाली, आणा, एकाला पाजते तिथं दोघांना पाजीन. म्हंजे पोरगी एकदा सांगवीत पोचली की जगली. मधला रस्ता तेवढा राहिला. ढालगावास्नं कुर्डूवाडीपतोर छोटी गाडी, कुर्डूवाडीस्नं दौंडपतोर मोठी गाडी, आणि दौंडास्नं बारामतीला पुन्हा आपली छोटी. तांबडं फुटायला निघालं की रात पडूस्तोवर. एवढ्या वेळात पंधरवड्याच्या लेकरानं प्यायचं काय?

गोदाआत्या, तात्याची बहीण, तिनं आमाला लहानाचं मोठं केलं. ती म्हणाली, शेरडीचं दूध तांब्यात घेऊ, बोंडल्यानं पाजू. तात्या म्हणाला, तिकडं पाजून बघितलंय, वकून टाकती. आणि वैशाखात तांब्यातलं दूध दुपारपतोर टिकणार हाय का? रखमावैनीला तर एवढ्या लांब न्यायचं नाव काढायची सोय नव्हती, तिचं स्वतःचं पोर पाळण्यात.

मग डोकं मी चालवलं. घोंगडीवर भुईमुगाच्या शेंगा मांडल्या. ही बारामती, हे दौंड, हे भिगवण, ही कुर्डूवाडी, हा सांगोला, हे ढालगाव. म्हटलं, एवढ्या रस्त्यात आपली सोयरी कुठं कुठं हायेत आणि कुणाच्या घरात अंगावर पाजणारी बाई हाय, सांगा. सांगोल्याजवळ आत्याच्या नणंदेची लेक निघाली. कुर्डूवाडीला तात्याच्या चुलतभावाची सून, तिचा नवरा रेल्वेतच खलाशी. भिगवणपास्नं पाच-सहा कोसांवर, इंदापूर तालुक्यात, आमचा मामा, आणि त्याच्या सुनंला दोन महिन्याचं पोर. प्रत्येकीनं आपापल्या स्टेशनावर यायचं, गाडी थांबती तेवढ्यात लेकराला घ्यायचं, पाजायचं, परत द्यायचं. आगगाडीला जसं स्टेशनावर पाणी पाजत्यात तसं. बोलता बोलता तात्यानं सांगोल्याची शेंग फोडून खाल्ली. मी म्हटलं, तात्या, सांगोला खाल्लात. आत्या हसली. हौसाक्का गेल्यापास्नं घरात पहिलं हसू ते.

बारामतीच्या स्टेशनावरच्या बाबूला वेळा इचारल्या. हा बाबू नाकात बोलायचा, जसा काय शब्द बाहेर सोडायला त्याला तिकीट लागतंय. तो म्हणाला, लेकरू आणायचं असंल तर गर्दीचा दिवस टाळ. अवसेला बघ. अवसेला कोण निघतंय? डबा मोकळा, लोळत या.

ते मला पटलं. बाजाराच्या दिवशी त्या डब्यात कोंबड्या, गुळाच्या ढेपा, माणसं, एकावर एक. लेकरू घुसमटून मरंल. आत्या मातर बोलली, अवस हाय त्या दिवशी, नाम्या. तात्या खाली बघत म्हणाला, गोदे, आता आपल्याला अवसेचं काय राहिलंय. मी तीन कार्डं टाकली, इंग्रजी तारीख घालून, गाडीच्या वेळा घालून. खाली लिहिलं, वेळेवर यावे, गाडी थांबत न्हाय. झोकात सही केली.

जाताना

जातानाचं थोडक्यात सांगतो, कारण जाताना कुणी रडत नव्हतं. बारामती सुटली की थोडा वेळ ऊस, कालव्याचं पाणी, मग एकदम काळं कोरडं रान. छोटी गाडी एवढी हळू की मी उतरून मुतून परत चढलो, आणि आत्यानं पाठीत धपाटा घातला तरी गाडी तिथंच होती. दौंडला मोठी गाडी. दिक्सळच्या पुलावर भीमा आली, वैशाखातली, वाळू जास्त आणि पाणी थोडं. भोयांच्या होड्या काठाला उपड्या पडलेल्या. आत्यानं नदीला हात जोडलं. कुर्डूवाडीच्या पुढं पुन्हा छोटी गाडी, आणि सांगोला सोडला की मुलूखच बदलतो. टेकड्या लागत्यात, बोडक्या, अंगावरची लोकर कातरून घेतल्यासारख्या. आमच्याकडं पाणी मागितलं तर आधी गूळ पुढं करत्यात. तिकडं पाणी मागितलं की माणूस आधी रांजणाकडं बघतो, मग आपल्याकडं. देतो, पण बघतो. भाकरी बाजरीची, जाड, मीठ जास्त. मला आवडली. तात्यानं अर्धी खाल्ली.

ढालगावचं गाव

स्टेशनावरनं अक्काच्या सासरी चालत जायचं. वाटंवर पायाखाली काही तरी करकरायला लागलं. खाली बघितलं तर राळं. बारीक पिवळं राळं, मसणवाटंकडनं गावापतोर सांडत आणलेलं. मला वाटलं कुणाचं पोतं फाटलं. तात्या बाजूच्या ढेकळातनं चालायला लागला. तेव्हा कळलं. बाळंतपणात गेलेली बाई रातची परत घराकडं येती म्हणत्यात, लेकरासाठी. वाटंवर राळं टाकलं की तिला एकेक दाणा वेचत यावं लागतं, वेचूस्तोवर उजाडतं, आणि ती माघारी जाती. आमच्याकडं पण ही चाल हाय. मी लहानपणी शेजारच्या गल्लीत बघितली होती, आणि त्या राळं वेचणाऱ्या बाईची वाकून नक्कल केली होती. अक्का हसून हसून लोळली होती.

आत्या एवढंच म्हणाली, "पाखरांनी बी खाल्लं न्हाय."

अक्काची सासू वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं गेलं असतं. तिनं आमाला जेवू घातलं, लेकराचं अंगडं दिलं, आणि रातच्याला माझ्याकडं बघून म्हणाली, त्यो आवाज काढणारा तूच का? हौसा तुझं सगळं करून दाखवायची. मास्तर खोकतो ते, इंजिन ते. कर की एकदा, तिचं खरं होतं का बघते. मी बारामतीच्या इंजिनाची शिट्टी काढली, ती चढावर दम लागल्यावर मधी तुटती तशी. म्हातारी हसली. मग तोंडाला पदर लावून आत गेली. बाहेर आली तेव्हा तात्याला म्हणाली, दादा, उद्या पहिल्या गाडीनं न्या. अवसेची रात लेकरू हितं नगं.

पोरगी केवढी होती सांगू? तात्याच्या एका हातावर मावत होती, आणि उरलेल्या जागंत अजून एक मावली असती. नाव ठेवलं नव्हतं. बारशाच्या दिवशी घरात बारसं घालायला कुणाचं मन होतं? शेजारणीनं पहाटं पाजलं. पाजताना ती तिच्याकडं बघत नव्हती, भिंतीकडं बघत होती. पोटभर पाजलं मातर. आमी निघालो.

सांगोला

डबा मोकळा होता. बाबूनं सांगितलं तसाच, अख्ख्या डब्यात आमी तिघं, पोरगी, आणि दाराजवळ एक झोपलेला म्हातारा. मी फाकडा होऊन बसलो. आत्याला म्हटलं, बघ, कशी सोय केली. आत्यानं बाकावर घोंगडी अंथरली, पोरीला निजवलं, वारा येत होता, टेकड्या मागं सरकत होत्या. मेंढरांचा एक कळप गाडीबरोबर पळत आला, आणि सांगतो तुमाला, जिंकला. मी धनगराच्या हाळीची नक्कल केली. पोरीनं डोळं उघडलं. तिच्या समोरची माझी पहिली नक्कल ती.

सांगोला आला तेव्हा ती उठली होती आणि तोंड हिकडं तिकडं करत होती. मी खाली उतरून फलाटाच्या एका टोकापास्नं दुसऱ्या टोकापतोर गेलो. आत्याच्या नणंदेची लेक न्हाय. तिचा नवरा न्हाय. कुणीच न्हाय. एक माणूस चिंचा इकत होता, आणि त्याचं पण गिऱ्हाईक आमीच. म्हटलं, कार्ड पोचलं नसंल. गाडी सुटली. मी तात्याला म्हटलं, तुमी खाल्लात ना सांगोला, आता कोण येणार? ह्या वेळी कुणी हसलं न्हाय.

शेरडीचं दूध तांब्यात घेतलं होतं, नगं नगं म्हणता. आत्यानं बोंडल्यानं दोन घोट दिलं. पोरीनं घेतलं, आणि थोड्या वेळानं सगळं आत्याच्या लुगड्यावर. ऊन चढलं. पत्र्याचा डबा तव्यासारखा तापला. दुसऱ्यांदा दूध बघितलं तर फाटायला लागलं होतं. मग आत्या बोट पाण्यात बुडवून ओठाला लावत राहिली. आमची शिदोरी सोडायची आठवणसुद्धा कुणाला झाली न्हाय. धपाटी होती, दाण्याची चटणी होती.

पोरगी आधी मोठ्यांदी रडली. मग रडणं बारीक झालं. ते बारीक झालेलं मला बरं वाटलं. तात्याला न्हाय वाटलं. त्यानं मेंढरं बघितली हायेत, त्याला कळतं.

कुर्डूवाडी

कुर्डूवाडीला गाडी बदलायची, म्हंजे वेळ चिक्कार. आणि तितं माणसं आली होती. नळाजवळ तात्याची चुलतवैनी, म्हंजे माझी काकी, उभी, डोक्यावर पाटी, पाटीत पिठलं, भात, भाकरी, लोणचं, आमा तिघांना दोन दिवस पुरंल एवढं. आणि तिच्या मागं तिची सून. मी आत्याच्या हातातनं पोरीला घेतलं आणि पळतच गेलो.

काकीनं पाटी खाली ठेवली आणि मधी आली. सुनंचा कोपर तिनं हातात धरला होता.

"तुमी जेवा, भावजी," ती माझ्या अंगावरनं मागं तात्याला म्हणाली. "पोटभर जेवा. पण एवढं मागू नगा. हिची आई बाळतीण गेली. आज अवस हाय. ती लेकराच्या मागं मागं येत असणार, आणि माझ्या घरात रांगतं पोर हाय."

म्हटलं, काकी, पोरगी स्टेशनात हाय, तुमच्या घरात न्हाय. अक्का गाडीच्या मागं पळत येईल का एवढ्या लांब? तिला तर दम लागायचा. मी हे हसत बोललो. तोंड तसंच झालं होतं, हसल्यागत.

पोरगी रडली. लई न्हाय, दोनदाच. आणि त्या सुनंच्या चोळीवर दोन ओले डाग आले. मी बघितलं, आत्यानं बघितलं, काकीनं पण बघितलं. लेकरू रडलं की दूध आपोआप सुटतं, ते काय कुणाला इचारून येत न्हाय. सुनंनं पदर ओढून घेतला आणि नळाकडं तोंड केलं. तिचा खांदा हलत होता. काकीनं कोपर सोडला न्हाय, पण पकड ढिली केली होती, जशी काय ती वाट बघत होती कुणी जोर करतंय का. मी तात्याकडं बघितलं. म्हटलं, आता बोलंल. आमचा तात्या गावात भांडणं मिटवतो, त्याचं ऐकत्यात.

तात्या म्हणाला, "बरोबर हाय, वैनी. तुमच्या घरात लेकरू हाय."

मोठ्या गाडीत बसल्यावर आत्या बोलली. माझ्याशी न्हाय, खिडकीशी. म्हणाली, आपल्यावर येऊन गेलं, म्हणून आपल्याला भ्या राहिलं न्हाय. ज्यांची जिती हायेत त्यांचा आपण इचारच केला न्हाय. पिठल्याची पाटी आमच्या पायाशी होती. गाडी हलली की पाटीतला भाकरीचा वास यायचा. मला भूक लागली होती आणि त्याची लाज वाटत होती, पण लाजंनं भूक कमी होत न्हाय, हे ह्या प्रवासात मला समजलेलं एक.

भिगवण

आता राहिला मामा. मामा म्हंजे मामा, तो काय अवसेला भिणारा न्हाय. लहानपणी त्यानं मला मसणवाटंत नेऊन बोरं खायला घातली होती. मी खिडकीतनं अर्धा बाहेर लोंबकळत होतो. पूल गेला, भीमा गेली, दिवस कलला होता, वाळूवर लांब सावल्या. पोरगी आता रडत नव्हती. आत्या सारखी तिच्या नाकाशी बोट न्यायची आणि माघारी आणायची.

भिगवणला मामा दिसला. एकटा. खांद्यावर भलं मोठं गाठोडं. धोतर गुडघ्यापतोर धुळीनं पांढरं.

मी इचारलं, वैनी कुठं? मामा म्हणाला, "अरे, अवसेला बैल कसं जुपू? चालत आलो मी. तुझी वैनी दोन महिन्याचं पोर घेऊन उन्हात चालणार का एवढं? पुऱ्या आणल्यात. गुळाच्या करायला लावल्या."

बैल. आमच्या घरात तीन बैल हायेत. अवसेला ते दावणीवरनं सुटत न्हाईत, हे मला चालायला यायच्या आधीपास्नं माहीत हाय. मी तीन कार्डं लिहिली, गाडी कुठं किती थांबती ते लिहिलं, आणि स्टेशनापतोर माणूस कशावर बसून येणार हे माझ्या टकुऱ्यात आलंच न्हाय. सांगोल्याला कुणी का आलं न्हाय, ते पण तवाच कळलं.

मग मामानं आत्याच्या मांडीवर बघितलं. त्यानं गाठोडं खिडकीतनं आत दिलं, आणि हात तसाच आत ठेवला. म्हणाला, उतरा हितं. रात काढा. सकाळी अवस सरली की बैल जुपून तिला घेऊन येतो. तात्यानं आत्याकडं बघितलं. आत्यानं मान हलवली. चालत मामाच्या घरी न्यायची तर मध्यरात झाली असती, आणि पोरगी सकाळपतोर वाट बघण्याजोगी राहिली नव्हती. तात्या मामाला म्हणाला, जातो आमी पुढं. मामानं हात काढून घेतला. गार्डानं शिट्टी दिली. त्या गार्डाची शिट्टी मी एरवी झकास काढतो.

गाडी हलता हलता एक बाई दारातनं आत चढली. आधी पाटी आली, मग ती. पाटीवर ओलं फडकं, आणि वासावरनं आत काय ते सांगायची गरज नव्हती. भोयाची बाई. दौंडच्या रेल्वेवाल्यांच्या चाळीत भीमंचे मासे इकायला निघालेली. त्यांना अवस काय आणि पुनव काय, साहेब लोक रोज जेवत्यात. ती दाराजवळ खालीच बसली. आत्यानं नाकाला पदर लावला.

बाईनं थोडा वेळ आमाला बघितलं. पिठल्याची पाटी, पुऱ्यांचं गाठोडं, धपाटी. म्हणाली, लग्नास्नं आलाव का? मला इतका राग आला की मी सगळं एका दमात सांगितलं. म्हटलं, न्हाय, मयतास्नं आलाव. हिची आई बाळंतपणात गेली, आज अवस हाय, ती गाडीच्या मागं मागं येती, सकाळपास्नं लेकराच्या पोटात थेंब न्हाय, कुणी हात लावंना. तू पण लांब बस.

ती काही घाबरली न्हाय. पाटी सरकवली आणि उठली.

"मागं येत आसंल तर दूध पाजायलाच येत आसंल की," ती म्हणाली. "तिला काय माजं मासं पायजेत? आण हिकडं. माजं घरला ठेवलंय सासूपाशी, दुपारधरनं छाती दगड झालीया."

आत्या बसून राहिली. मी तिला ओळखतो, तिच्या मनात काय काय चाललं असंल. मासळीचा वास, कोण कुठली, घरी काय सांगायचं. मग तिनं आपला तांब्या उचलला आणि त्या बाईच्या हातावर पाणी घातलं. बाईनं हात कोपरापतोर धुतलं. पुन्हा घातलं, पुन्हा धुतलं. आत्यानं पोरगी दिली.

पोरगी घेईना. तोंडात दिलं तरी तिच्यात ओढायला जीव नव्हता. मान मागं पडायची. बाईनं दूध पिळून तिच्या ओठावर घातलं, ते गालावरनं ओघळून खाली गेलं. पुन्हा घातलं, पुन्हा ओघळलं. तात्या उठून उभा राहिला, आणि उभं राहून काय करायचं ते न कळून परत बसला. सूर्य समोरनं सगळा डब्यात आला होता, आणि पोरीचं कपाळ त्या उजेडात एवढं पातळ दिसत होतं की आतली शीर दिसायची.

मग ती बाई तोंडानं एक आवाज काढायला लागली. जीभ टाळूला लावून टक् टक्, आणि मागनं नाकातनं लांब ऊंऽऽ, उतरत जाणारा. टक् टक्, ऊंऽऽ. त्यांच्यात लेकरांना तसं बोलवत असतील, न्हाय तर तिचं तिचंच असंल. आमच्याकडं कुणाच्या तोंडनं मी तो ऐकला नव्हता. दोन स्टेशनं गेली, ती करतच राहिली, थेंब घालतच राहिली. मी त्या आवाजाकडंच ध्यान लावून बसलो होतो, कारण पोरीकडं बघवत नव्हतं.

आणि मग घुटका वाजला. एवढासा. गाडीच्या खडखडाटात कसा ऐकू आला कुणास ठाऊक, पण आमी तिघांनी पण ऐकला. मग दुसरा. बाई म्हणाली, "हां. आता वड." पोरीनं ओढलं. तात्यानं तोंड खिडकीकडं केलं आणि तो दौंड येऊस्तोवर माघारी वळला न्हाय.

दौंडला आत्यानं सगळं खाणं त्या बाईच्या पदरात घातलं. पिठलं, भात, गुळाच्या पुऱ्या, धपाटी पण. बाई म्हणाली, एवढं कोण खाणार? आणि घेतलं सगळं. पाटी डोक्यावर, गाठोडं काखंत, ती गर्दीत शिरली. मासे नासायच्या आत तिला चाळीत पोचायचं होतं.

बारामतीस्नं सांगवीपतोर आमी चालत आलो. आमचे बैल पण दावणीलाच होते ना. रखमावैनी शिवंच्या आत उभी होती, शीव ओलांडली नव्हती तिनं, पण तितपतोर आली होती. तिनं हात पुढं केलं.

घरी

पोरगी जगली. अजून बारीकच हाय, आणि रात्री उठून रडती. नाव हौसा ठेवायचं म्हणाली आत्या, तात्या नगं म्हणाला. सध्या नुसती बाई म्हणत्यात.

गावातली माणसं इचारायला यायची, कसा झाला प्रवास. मग मी सांगायचो, सगळ्यांचे आवाज काढून. नाकातला बाबू, गार्डाची शिट्टी, कुर्डूवाडीची काकी. काकीची नक्कल सगळ्यांत चांगली व्हायची, आणि ती केली की माणसं गप व्हायची. परवा ओट्यावर बसून मी भोयाच्या बाईवर आलो. टक् टक्, ऊंऽऽ. हुबेहूब निघाला. आत झोळीत पोरगी निजली होती. ती जागी झाली, आणि तोंड उघडून हिकडं तिकडं बघायला लागली. माणसं हसली. मी पुन्हा काढला. तिनं पुन्हा मान वळवली, दारापतोर बघितलं, आणि मग जी रडली ती रखमावैनी येऊस्तोवर थांबली न्हाय.

आत्या चुलीपास्नं उठून बाहेर आली. माणसं निघून गेली. पहिल्यांदा तिनं त्या भोयाच्या बाईच्या नावावरनं मला फैलावर घेतलं. म्हणाली, तिला खण धाडायचा हाय माझ्या मनात, साडीचोळी करायची हाय, पण धाडू कुठं? अख्ख्या वाटंवर प्रत्येकाचा आवाज उचललास, आणि जिनं लेकरू जगवलं तिचं नाव इचारायची बुद्धी झाली न्हाय तुला. म्हटलं, आत्या, तू पण न्हाय इचारलंस. ते मी बोलायला नको होतं. मग ती जे बोलली ते ओरडून न्हाय बोलली. ओरडली असती तर मी तिचीच नक्कल करून तिला हसवली असती.

"कुणाच्या बी नकला कर, नाम्या. माझी कर, तुझ्या बापाची कर, इंजिनाची कर. पण ह्यो आवाज पुन्हा काढायचा न्हाय. पोरगी दूध आलं म्हणून बघती. एकदा आई येऊन गेली तिची. तू रोज रोज कशाला आणून घालवतोस?"